चूल कशाने पेटवता?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून आठ महिन्यांचे एक बाळ माझ्याकडे दाखल झाले. चार महिन्यांत न्यूमोनियाने दाखल होण्याची त्याची ही तिसरी वेळ होती. वजन वयाच्या मानाने बरे, लसीकरण पूर्ण, आईचे दूध चालू, हृदयात दोष नाही, घरात क्षयरोगाचा इतिहास नाही. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या बालकाच्या बाबतीत आपण ज्या वाटा धुंडाळतो त्या सर्व धुंडाळून झाल्या, पण हाती काही लागले नाही. नोंदपत्रकातील ‘स्वयंपाकाचे इंधन’ या रकान्यात माझ्याच हस्ताक्षरात ‘गॅस’ असे लिहिलेले होते. त्यामुळे त्या दिशेने विचार करण्याचे कारणच उरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाची आजी डबा घेऊन आली. ती जवळ येताच लुगड्याला येणारा धुराचा वास जाणवला. मी विचारले, "आजी, घरात गॅस आहे ना?"

"हाय की. स्वयंपाक समदा गॅसवरच असतोय. ही पाण्याची चूल, डॉक्टर."

पाण्याची चूल! बेळगावच्या आसपास आयुष्य काढलेल्या माणसाला ती ठाऊक नसावी असे थोडेच आहे? न्हाणीच्या तोंडाशी तीन दगडांवर किंवा विटांच्या बांधणीत कायमचा बसवलेला तांब्याचा किंवा हिंडालियमचा हंडा, आणि पहाटे पाच वाजता त्याखाली पेटणारे जळण. घरात गॅस आला, पुढच्या खोलीत फरशी आली, टीव्ही आला, पण ही चूल हलली नाही. सात-आठ माणसांच्या आंघोळीचे पाणी सिलिंडरवर तापवणे कोणत्याही शेतकरी घराला परवडत नाही. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की पहाटे बाळ जागे झाले की त्याला घेऊन आत्या त्याच चुलीजवळ शेकत बसते, कारण पावसाळ्यात घरातली तेवढीच एक उबदार जागा. आणि चूल पेटवायची कशाने? "राकेल मिळालं तर राकेल. न्हाईतर दुधाच्या पिशव्या हाईत की."

माझा प्रश्न अपुरा होता. कोणत्या इंधनावर स्वयंपाक होतो एवढेच मी विचारले होते. घरात दुसरी चूल आहे का, ती कोण पेटवते, कशाने पेटवते आणि त्या वेळी मूल कोठे असते, हे मी विचारले नव्हते. प्रस्तुत लेख या राहून गेलेल्या प्रश्नांविषयी आहे.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. ग्रामीण भागात हे प्रमाण ४३.२ टक्के होते. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून आजवर दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या आहेत. हे काम लहान नव्हे. मात्र अशा पाहणीत मुख्यतः स्वयंपाकाचे इंधन विचारले जाते. आंघोळीचे पाणी, जनावरांचे खाद्य शिजवणे, सणासुदीचा मोठा स्वयंपाक, सिलिंडर संपल्यानंतरचे आठ दिवस यांचा हिशेब त्या आकड्यात येत नाही. म्हणून ‘गॅस आहे’ या उत्तराने डॉक्टरांनी निश्चिंत होऊ नये.

लाकूड जळते म्हणजे काय

चूल पेटण्याची पहिली दहा-पंधरा मिनिटे सर्वाधिक धुराची असतात, हे कोणतीही गृहिणी सांगेल. त्याचे कारण मात्र सहसा सांगितले जात नाही. आपण म्हणतो लाकूड जळते. वस्तुतः ज्वाळेत जळतात ते लाकडातून निघणारे वायू. लाकूड तापू लागले की प्रथम त्यातील पाणी निघून जाते. त्यानंतर साधारण दोनशे ते तीनशे अंश सेल्सियसच्या पुढे त्याचे विघटन होऊन ज्वलनशील वायू व डांबरासारखे पदार्थ वाफेच्या रूपाने बाहेर पडतात. या वायूंना पुरेशी उष्णता आणि पुरेशी हवा मिळाली तर ते पेट घेतात आणि ज्वाळा दिसते. यांपैकी एक जरी कमी पडले तरी तेच वायू न जळता थंड होतात, त्यांचे सूक्ष्म थेंब व कण बनतात, आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. धूर म्हणजे चुलीतून निसटलेले इंधनच होय. सर्व वायू निघून गेल्यावर जो कोळसा उरतो तो निखारा होऊन जळतो. त्याला ज्वाळा नसते, धूरही नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड मात्र भरपूर असतो. याकडे पुढे येऊ.

ओल्या लाकडाचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. एक किलो ओले लाकूड घेतले तर अर्धा लिटर पाणी उकळून त्याची वाफ करण्यासाठी सुमारे १.३ मेगाज्यूल उष्णता लागते. उरलेल्या अर्ध्या किलो कोरड्या लाकडातून सुमारे ९ मेगाज्यूल मिळते. म्हणजे सातवा हिस्सा पाण्यात गेला. हे नुकसान फार मोठे वाटत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. पाणी निघून जाईपर्यंत त्या भागाचे तापमान शंभर अंशांच्या फारसे पुढे सरकत नाही, त्यामुळे वायू अर्धवट निघतात, पेट घेत नाहीत, आणि चूल नुसती धुमसत राहते. इंधनाची उधळपट्टी सातव्या हिश्श्याची, पण धुराची वेळ मात्र कितीतरी पटींनी वाढते.

आता या चित्रात आठ महिन्यांचे मूल आणा. त्याचा श्वासाचा वेग आपल्या दुपटीहून अधिक असतो. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा रोध सोळा पटींनी वाढतो, हे आपण शरीरक्रियाशास्त्रात शिकलो. मूल मांडीवर म्हणजे चुलीच्या तोंडाच्या उंचीवर असते. आणि ते उठून बाहेर जाऊ शकत नाही. मोठे माणूस डोळे चोळत अंगणात जाते, पण मूल ज्याच्या मांडीवर आहे त्याच्या मर्जीवर तिथेच राहते.

पेटवण्याच्या रीती

आमच्या आजोळी काडेपेटी घरात असूनही रोज नवी काडी ओढण्याची पद्धत नव्हती. रात्री जेवणे आटोपली की एक जाड निखारा आणि शेणीचा तुकडा राखेत पुरून ठेवत. पहाटे राख बाजूला सारली की आत लाल डोळा दिसे. त्यावर वाळलेले पाचट ठेवून दोन फुंकरा मारल्या की ज्वाळा. शेजारीपाजारी विस्तव मागायला येणे ही तर नित्याची गोष्ट. या रीतीचा एक गुण असा की चूल रात्रभर कोमट राहिलेली असे, त्यामुळे सकाळचे जळण लवकर तापे. दोषही सांगायला हवा. शेण रात्रभर धुमसते, आणि त्याच बंद खोलीत माणसे झोपत असली तर तो वायू त्यांच्या श्वासात जातो. ही रीत आता जवळजवळ गेली. शेणी लावणारी माणसे आणि गुरे दोन्ही कमी झाली.

दुसरी रीत बारीक जळणाची. वाळलेला पाला, नारळाचे सोडण, करवंटीचे तुकडे, तुरीच्या काड्या, दाणे काढलेली मक्याची कणसे, लाकडाच्या ढलप्या. प्रत्येक गावाचे पेटवण त्याच्या शेतावरून ओळखता येते. खानापूर-चंदगड पट्ट्यात काजूची टरफलेही वापरतात. त्यांत तेल असल्याने ती भडकन पेटतात, पण हे तेल त्वचेला फोड आणणारे आहे आणि त्याचा धूर घशाला व डोळ्यांना झोंबतो. लहान मूल असलेल्या घरात ती चुलीत घालू नयेत असे मी स्पष्ट सांगतो.

तिसरी रीत रॉकेलची. तिच्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

चौथी रीत अलीकडची आणि सर्वांत वाईट: दुधाच्या पिशव्या, सायकलच्या टायरचा तुकडा, थर्मोकोल, फाटकी चप्पल, जुन्या गादीचा फोम. रॉकेलवरील केंद्राचे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत २०२० पर्यंत संपले आणि शिधापत्रिकेवरचे निळे रॉकेल दिसेनासे होऊ लागले, तेव्हापासून माझ्या बाह्यरुग्ण विभागात या रीतीचा उल्लेख वाढला. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते. ती जळताना वितळून थेंब गळतात आणि ते जळते थेंब कातडीला चिकटतात; साध्या चटक्यापेक्षा ही जखम खोल जाते. टायरमधील गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. पीव्हीसीच्या वस्तू, म्हणजे पाइपचे तुकडे आणि वायरीचे आवरण, जळल्या की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि डायऑक्सिनसारखे पदार्थही तयार होतात. फोम जळताना हायड्रोजन सायनाइड निघू शकतो. दम्याच्या मुलाच्या आईला आपण सुगंधी उदबत्ती लावू नका म्हणून सांगतो, आणि त्याच घरात रोज पहाटे टायर जळत असतो याची आपल्याला कल्पनाही नसते.

आजींची चूल

बाळ बरे होऊन घरी गेले. नंतर तीन आठवड्यांनी कणकुंबीच्या वाटेवर एक तपासणी शिबिर होते, तेव्हा परतताना त्यांच्या घरी थांबलो. मी आजींना विनंती केली, "रॉकेल आणि पिशवी न वापरता चूल पेटवून दाखवाल का?" त्यांना हसू आले. "ह्यात काय दावायचं, डॉक्टर? आमची सासू राकेलाला हात लावू देत न्हवती." त्यांनी केले ते मी वहीत टिपून घेतले, कारण त्यात ज्वलनशास्त्राचा एकही नियम मोडलेला नव्हता.

आधी त्यांनी कालची राख काढली, पण सगळी नाही. बोटभर थर तळाशी ठेवला. राख गच्च भरलेली असली तर खालून हवा शिरत नाही, आणि अगदी साफ केली तर थंड ओली जमीन उष्णता ओढून घेते. मग मनगटाएवढी दोन लाकडे वीतभर अंतरावर समांतर ठेवली आणि त्यांच्यावर आडव्या बारीक काटक्या रचल्या. त्यामुळे मध्ये हवेला बोगदा मिळाला. काटक्यांच्या खाली सोडणाचा पिंजलेला गोळा आणि वाळलेला पाला. काडी लावली ती पाल्याला, चुलीच्या तोंडाशी, हंड्याच्या बुडापासून दूर. थंड हंड्याला ज्वाळा टेकली की ती विझते आणि काजळी धरते. म्हणून ज्वाळेला आधी मोकळी वाढू द्यायची. काटक्या कडकड वाजू लागल्यावर बोटाएवढ्या ढलप्या, त्या पेटल्यावर अंगठ्याएवढ्या, आणि त्यानंतरच लाकडे आत सारायची. त्यांची फक्त टोके ज्वाळेत ठेवायची. लाकूड पुरते आत लोटले की एकाच वेळी सगळीकडून वायू सुटतात आणि तेवढी हवा चुलीत नसते.

माझ्या घड्याळात पाच मिनिटे होण्याच्या आत धूर पातळ झाला होता. फुंकणीला त्यांनी हात लावला नाही. फुंकर मारल्याने विस्तवाला हवा मिळते हे खरे. पण फुंकणारी बाई प्रत्येक फुंकरीनंतर एक खोल श्वास घेते आणि तो धुरातून घेते. कडेवर मूल असले तर त्याचेही तोंड तिथेच. फुंकावेच लागले तर फुंकणी हातभर लांब असावी आणि श्वास मान वळवून घ्यावा.

ढलप्यांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण सारी मेख तिथे आहे. आठ सेंटीमीटर जाडीचा एक चौरस ओंडका फोडून दोन सेंटीमीटर जाडीच्या सोळा ढलप्या केल्या, तर वजन तेवढेच राहते पण जळणारा बाजूंचा पृष्ठभाग चौपट होतो. तापायला वेळ कमी लागतो, वायू लवकर पेट घेतात. रॉकेल नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी वापरले जाते. ज्या घरात ढलप्या आहेत त्या घरात रॉकेलची गरज पडत नाही. पण लाकूड फोडायचे कोणी आणि कधी? घरातील पुरुषांनी, चैत्र-वैशाखात. "जळण फोडायला सांगितलं की ह्यांची कंबर धरतीय," असे आजी म्हणाल्या तेव्हा माजघरातून आजोबांचा खोकला ऐकू आला. चुलीच्या धुराची चर्चा आपण नेहमी बाईशी करतो. कुऱ्हाड ज्याच्या हातात असते त्याला मात्र कोणी काही विचारत नाही.

वाळवणीचेही तसेच. जळण जमिनीवर न ठेवता दगडांवर किंवा फळकुटांवर, वरून झाकलेले पण बाजूंनी उघडे असे रचावे. प्लास्टिकचा कागद सर्व बाजूंनी गुंडाळला तर आतली ओल आतच राहते. दोन लाकडे एकमेकांवर आपटून पाहावीत. वाळलेले लाकूड खणखणते, ओले बद्द वाजते. टोकाला चिरा पडलेल्या असाव्यात, साल सुटू लागलेली असावी. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात हे सर्व सोपे नाही याची मला जाणीव आहे. तेथे पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर जळण ठेवीत, त्यामागे हीच दृष्टी होती.

युरोपातील थंड देशांत घर तापवण्याच्या बंद शेगडीत जाड लाकडे खाली, बारीक काटक्या वर अशी रचना करून ती वरून पेटवण्याची शिफारस करतात. खालच्या लाकडातून निघणारे वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातात. आपल्या समोरून जळण सारण्याच्या चुलीत ही रीत जशीच्या तशी चालत नाही, पण तत्त्व तेच आहे: नव्या लाकडाचा धूर ज्वाळेतून गेला पाहिजे. धुराडे असेल तर आणखी एक गोष्ट. थंड धुराडे धूर ओढत नाही. त्याच्या तोंडाशी आधी मूठभर वाळलेला पाला जाळून ते गरम करावे, मग चूल पेटवावी. ‘धुराडं घातलं पण धूर घरातच येतो’ ही तक्रार पुष्कळदा याने मिटते.

धुराड्यांवरून आठवले. आपल्याच राज्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हे केंद्र स्थापन झाले. त्यांनी विकसित केलेली तीन भांड्यांची, धुराड्याची चूल ‘अस्त्र ओले’ या नावाने ओळखली जाते. कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल. मराठी कानाला मात्र ‘ओले’ म्हटले की जळणच आठवते! केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२च्या सुमारास थांबला. चुली बांधल्या गेल्या, पण त्यांची दुरुस्ती आणि धुराड्यांची साफसफाई मागे पडली.

रॉकेलची बाटली

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने रॉकेलचे दोन धोके आहेत आणि दोन्ही पेटवण्याच्या सवयीतून येतात. पहिला म्हणजे प्राशन. चुलीजवळ हाताशी हवे म्हणून रॉकेल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवले जाते. दीड-दोन वर्षांचे तहानलेले मूल बाटली तोंडाला लावते. चव वाईट असल्याने ते फार पीत नाही, एखादाच घोट. पण रॉकेल अत्यंत पातळ आणि पसरणारे असल्याने तो घोट श्वासनलिकेत सहज उतरतो. येथे पोटात किती गेले यापेक्षा फुप्फुसात किती गेले याला महत्त्व आहे. म्हणूनच उलटी करवणे हा सर्वांत घातक उपचार ठरतो, कारण एकदा गेलेले रॉकेल परत वर येताना पुन्हा फुप्फुसात शिरते. मिठाचे पाणी, दूध, घशात बोट, पोट धुणे यांपैकी काहीही करू नये. भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि मूल ताबडतोब दवाखान्यात आणावे. लक्षणे नसली तरी किमान सहा तास निरीक्षणाखाली ठेवावे; सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो. स्टिरॉइड आणि सरसकट प्रतिजैविके यांचा उपयोग नाही हे आपल्या तरुण सहकाऱ्यांना ठाऊक आहेच, तरी खेड्यातून पाठवलेल्या चिठ्ठीवर ती अजून दिसतात.

दुसरा धोका भाजण्याचा. चूल विझली असे वाटून तापलेल्या विटांवर रॉकेल ओतले की पांढरी वाफ उठते. पेटवणाऱ्याला तो धूर वाटतो. ती रॉकेलची वाफ असते आणि काडी लावताच किंवा आतल्या निखाऱ्यानेच ती एकदम भडकते. हल्ली रॉकेल मिळत नाही म्हणून दुचाकीतले पेट्रोल काढून वापरल्याचेही ऐकले. पेट्रोलची वाफ थंड हवेतही पेट घेण्याइतकी तयार असते. त्याला चुलीजवळ नेणेच गुन्हा समजावा. आणि पाण्याची चूल पेटवण्याचे काम बहुतेक घरांत दहा-बारा वर्षांच्या मुलीकडे असते, हेही येथे नोंदवून ठेवतो. ओढणी, मोकळे केस, सिंथेटिक कापड.

भाजल्यास वाहते साधे पाणी वीस मिनिटे. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळद नको. घरी पाठ करून घ्यावे इतके हे महत्त्वाचे आहे. विझलेल्या चुलीच्या राखेतील निखारे दुपारपर्यंत जिवंत असतात आणि रांगणारे मूल त्यात हात घालते. राख काढून अंगणात टाकण्याआधी तिच्यावर पाणी ओतावे.

बाळंतिणीची खोली

पाण्याच्या चुलीतले उरलेले निखारे घमेल्यात काढून बाळंतिणीच्या खोलीत नेण्याची पद्धत आपल्याकडे शहरातही आहे. त्यावर ओवा, बाळंतशेप, वावडिंग टाकून बाळाला धुरी देतात. दारे-खिडक्या बंद, कारण वारा लागू नये. निखारा दिसायला स्वच्छ असतो, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. सुस्त झालेले, दूध न ओढणारे नवजात बालक आणि डोके दुखत असलेली आई एकाच वेळी आली तर या कारणाचा विचार आधी करावा. सहकाऱ्यांसाठी एक सूचना: नेहमीचा पल्स ऑक्सिमीटर येथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते आणि आकडा ९८ दाखवतो. आजीला दुखवायचे नसेल तर मी एवढेच सांगतो, की बाळाला शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून आधी अंथरूण ऊबदार करा, पिशवी काढून घ्या आणि मग बाळाला निजवा.

पुरावा काय सांगतो

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. या विषयाचा पाया घालणारे डॉ. कर्क स्मिथ यांचे पहिले महत्त्वाचे काम भारतातलेच, गुजरातच्या खेड्यांतले. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापक लावून त्या किती धूर घेतात हे त्यांनी व सहकाऱ्यांनी मोजले. १९८३ साली ते प्रसिद्ध झाले. पुढे ग्वाटेमालात त्यांनी धुराड्याच्या चुलीची चाचणी घेतली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण न्यूमोनियातील घट संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही, पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. मलावीतील दहा हजारांहून अधिक बालकांच्या चाचणीत (२०१७) सुधारित चुलीने काहीही फरक पडला नाही. आणि तमिळनाडूसह चार देशांत झालेल्या, थेट गॅस पुरवणाऱ्या चाचणीतही बालकांच्या गंभीर न्यूमोनियात फरक दिसला नाही. ते निष्कर्ष २०२४ साली आले.

हे निकाल मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या व्यासपीठावर ‘चूल बदला, न्यूमोनिया टाळा’ अशी घोषणा सहज दिली जाते. पुरावा एवढा सरळ नाही. शेजारच्या दहा घरांचा धूर, रस्त्याची धूळ, कचरा जाळणे, कुपोषण, घरातली गर्दी हे सारे त्यात मिसळलेले आहे. चूल नीट पेटवल्याने न्यूमोनिया टळतो असा माझा दावा नाही. रॉकेलची बाटली घरातून गेल्याने रॉकेल पिण्याचा प्रकार टळतो, हा मात्र दावा आहे आणि त्याला चाचणीची गरज नाही. जळते प्लास्टिक मुलाच्या अंगावर गळत नाही, हाही. आणि पहाटेची ती पंधरा मिनिटे मूल दुसऱ्या खोलीत राहिले तर त्याच्या वाट्याचा धूर घटतो, यासाठी ना अनुदान लागते ना नवी चूल.

गॅस यावा, टिकावा, सौर बंब परवडावा, हे तर हवेच. ते येईपर्यंत आमच्या नोंदपत्रकात आता चार प्रश्न आहेत. आंघोळीचे पाणी कशावर तापते? चूल कोण पेटवते? कशाने पेटवते? त्या वेळी बाळ कोठे असते? चौथ्या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेक आया क्षणभर थांबतात.

त्या बाळाला पुढल्या पावसाळ्यात दोनदा खोकला झाला, एकदा श्वासाचा वेग वाढला, पण दाखल करावे लागले नाही. तोवर ते वीस महिन्यांचे झाले होते आणि वाढत्या वयाने हे आजार कमी होतातच. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही. तपासणीला आलेल्या आईने मोबाईलवर घरामागचा फोटो दाखवला. पत्र्याखाली फोडलेल्या ढलप्या छातीएवढ्या उंच रचल्या होत्या. फोटोच्या कोपऱ्यात शीतपेयाची एक बाटली दिसत होती. तिच्यात काय आहे म्हणून विचारले, तर फवारणी पंपासाठी आणलेले पेट्रोल. मूल आता सगळीकडे फिरत होते. आईने तिथूनच घरी फोन लावला आणि बाटली कुलपात ठेवायला सांगितली.